पदर पसरायचा नाही

हलगी कडाडली आणि प्लायवूडच्या स्टेजवर खेळत बसलेला राजवर्धन ताडकन उठून नाचायला लागला. हात वर, ढुंगण मागं, तोंडभर हसू. झालं! जावळाला जमलेला अख्खा मांडव एका दमात राहीबाईंच्या बाजूचा झाला.

"बघा की गं! ह्या पोराला म्हणं ऐकू येत न्हाई!" राहीबाईंनी नातवाकडं हात करून चारी बाजूंच्या बायकांना दाखवलं. "अर्जुना, थांबू नगंस रं. लय ग्वाड नाचतंय माजं लेकरू."

अर्जुनानं आणखी जोर लावला. राहीबाईंची थोरली लेक संयोगिता मोबाइल काढून भाच्याचा व्हिडिओ घेऊ लागली. तासगावला तिच्या सासरी बेदाण्याची शेड होती. तिथं बेदाणा निवडणाऱ्या बायका येता-जाता विचारायच्या, तुमचा भाचा बोलला का ओ? त्यांच्या तोंडावर मारायला हे बरं सापडलं, असं तिला झालं.

शिवांजली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. स्टेजच्या पायरीशी उभी राहून ती पोराचे पाय बघत होती. आईच ती पोराची, पण त्या घडीला नजर आईची नव्हती. कोयनानगरला धरणाच्या कामावर ती भूकंपमापक यंत्रं सांभाळायची. रेघ हलली तर ती जमिनीनं हलवली की खालच्या रस्त्यानं गेलेल्या डंपरनं, हे ठरवायचं, हे तिचं रोजचं काम. रेघ हलली एवढ्यावर जो भूकंप झाला म्हणून ओरडत सुटतो, त्याला त्या खोलीत कुणी फार दिवस ठेवून घेत नाही.

"काय गं, तुला आनंद झाला न्हाई व्हय?" संयोगिता जवळ आली.

"ताई, तो स्टेजवर उभा आहे. आणि हलगी स्टेजला लागून वाजतीय. फळी थरथरतीय बघा, हात लावून बघा."

"तू म्हंजी ना!" संयोगितानं मोबाइल पर्समध्ये कोंबला. "पोरगं नाचलं तरी तुला त्यात खोट दिसती. मी मास्तरकी सोडली पोरांसाठी, माज्या तोंडातनं कवा ब्र निघाला न्हाई. तुला मात्र काई वाटतच न्हाई."

शिवांजलीला ते लागलं, चांगलंच लागलं. काही वाटत नसतं तर बरं झालं असतं की! राजवर्धन तीन वर्षांचा व्हायला आला होता आणि अजून 'आई' म्हणाला नव्हता. घरानं त्याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. आई ड्यूटीवर, बाप सरहद्दीवर, पोर कॉलनीतल्या मनुबाईच्या ताब्यात. बोलायला शिकवणार कोण? आई नोकरी सोडून पलूसला येऊ दे, पोर आपोआप बोलतंय की नाही बघा. राहीबाई हे फोनवर म्हणायच्या, दिवाळीला म्हणायच्या, जेवायला वाढता वाढता म्हणायच्या. आणि खोटं कशाला बोला, शिवांजलीलाही ते पटत चाललं होतं. राजीनाम्याचं बोलायला ती एकदा साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन आली होती. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वाचली.

त्याच दुपारी क्वार्टरमध्ये बारीकसा धक्का बसला. कोयनेला त्याचं कुणाला काही नसतं, पंखा झुलला तर माणसं वर बघतात आणि पुन्हा भात कालवायला लागतात. पण तो धक्का पंख्याच्याही आधी राजवर्धनला कळला. त्यानं हातातली गाडी सोडली, दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि आईकडं बघून हसला. पाठोपाठ त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली, कान किटतील अशी. पोरानं मान वळवली नाही. शिवांजली हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून राजीनामा तिच्या डोक्यातून गेला आणि सांगलीची तपासणी येऊन बसली.

ती तपासणी उद्यावर आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या होत्या, आधीच उशीर झालाय, बोलणं शिकायचं वय हातातून निसटत चाललंय, आता दिवस घालवू नका. आणि बरोबर आदल्या दिवशी, जावळाच्या मुहूर्ताला, राहीबाईंनी मध्ये नवस आणून उभा केला. जावळाची पहिली बट कापायच्या आधी आईनं देवीपुढं पदर पसरून बोलायचं, पोराला वाचा दे, मी नोकरी सोडते. ह्या घरचा नवस म्हणजे कडक. एकदा बोलला की वर्षभर दवाखाना नाही, तपासणी नाही. देवीवर टाकलं म्हणजे टाकलं.

वर्षभर. शिवांजली अडून बसली होती ती त्या शब्दावर.

*

धैर्यशीलनं तिला घरामागच्या पाण्याच्या टाकीशी गाठलं. सुट्टीवर आलेला, दाढी नुकती केलेली, अंगावर जावळासाठी घेतलेला नवा कुडता. बायकोशी बोलायला त्याला आज पहिल्यांदा निवांत सापडलं होतं आणि ते त्यानं आईची वकिली करण्यात घालवलं.

"अगं, बोलून टाक ना. दोन तर वाक्यं हायत. आई खूश हुईल. नोकरीचं काय ते मागनं बघू."

"आणि उद्याची सांगली?"

"ती पुढच्या सुट्टीत करू."

"पुढची सुट्टी कधी?"

धैर्यशीलनं नळाची तोटी उगीच घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

"तुला पक्कं म्हाईत हाय का, त्याला ऐकू येत न्हाई म्हणून?"

"नाही. माहीत असतं तर तपासणी कशाला हवी होती? मला माहीत करून घ्यायचंय."

"आन निघालंच तसं तर?" हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. "मग काय करायचं गं? मी तिकडं बॉर्डरवर बसून काय करू?"

तेव्हा कुठं शिवांजलीच्या ध्यानात आलं. ती समजत होती, नवरा आईला भितो. तो आईला भीत नव्हता. तो उद्याच्या निकालाला भीत होता, आणि नवसामुळं तो निकाल वर्षभर पुढं जात होता, म्हणून त्याला नवस गोड लागत होता. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

"तसं निघालं तर कानाचं मशीन लावू, शिकवू, पडेल ते करू," ती म्हणाली. "आणि तसं नसेल तर मी स्वतः देवीच्या नावानं पेढे वाटीन. पण कळल्याशिवाय मी काही सोडणार नाही. नोकरीपण नाही आणि सांगलीपण नाही."

"आईला काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही फक्त मध्ये पडू नका."

*

देवघरातून आणलेला देवीचा टाक राहीबाईंनी मांडवातल्या पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ घातले. बघणाऱ्यांना वाटत असेल, सुनेवर डूख धरलाय म्हातारीनं. तसं काही नव्हतं हो. सून त्यांना आवडायची. वाईची पोरगी, पण चुलीपुढं बसून भाकरी थापायला कधी लाजली नाही.

खरी गोष्ट निराळीच होती. बाळंतपणाची रजा संपताना, सासूला आत्या म्हणणाऱ्या ह्याच सुनेनं फोन केला होता, आत्या, थोडे दिवस कोयनेला येऊन राहाल का, पोराजवळ घरचं माणूस होईल. राहीबाई म्हणाल्या होत्या, ऊस तुटायचाय, म्हशी कुणावर टाकू, आन तिथं जमीन हलती म्हणं, मला न्हाई बाई झोप यायची. त्या गेल्या नाहीत. पुढं पोर बोलेना, तसं ते न जाणं त्यांच्या घशाशी येऊन बसलं, गिळवेना की ओकवेना. सुनेचं चुकलं असं एकदा ठरलं की आपलं चुकलं नाही, एवढा साधा हिशेब होता. तो त्यांनी कधी उघड मांडला नव्हता, स्वतःशीसुद्धा नाही. पण सुनेला एक बोल लावला की त्यांना थोडा वेळ बरं वाटायचं, हे मात्र खरं.

"ये गं शिवांजली. बस पाटावर," त्यांनी हाक मारली. "डोईवर पदर घे, आन पुढं पसर."

सगळे जमले. वाईहून आलेला जयराज, म्हणजे शिवांजलीचा भाऊ, मामाच्या मानानं भाच्याला मांडीवर घेऊन बसला. न्हावी कात्री पुसत होता. केस झेलायला आत्या म्हणून संयोगिता ओटी धरून बसली. अर्जुनानं हलगी जाळावर शेकायला ठेवली होती. आणि तात्या, राहीबाईंचे मालक, खुर्चीत ताठ बसून सगळ्यांकडं बघून मान हलवत होते.

"म्हण. आई, माज्या लेकराला वाचा दे, मी नोकरी सोडती."

शिवांजली पाटावर बसली. देवीपुढं डोकं टेकलं, अगदी मनापासून टेकलं. मग उठून उभी राहिली.

"आत्या, नमस्कार केला. पदर पसरणार नाही. नवस मी बोलणार नाही."

राहीबाईंनी हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"माझा देवीवर राग नाही, तुमच्यावरही नाही. पण मी नोकरी सोडली म्हणजे पोर बोलेल, हे कुणी बघितलंय? कशावरून? मला वाईट वाटतं म्हणून? वाईट तर मला रोज वाटतं. ड्यूटीला जाताना वाटतं, परत येऊन त्याला उचलताना वाटतं. पण मला वाटतं म्हणून ते खरं होत नाही."

"आगं, आई हायस का कोण हायस?" राहीबाईंचा आवाज चढला. "पोरासाठी लोकं जीव देत्यात. तुला पगार सुटंना!"

"जीव मागा, देते. पण त्यानं त्याला ऐकू येणार असेल तर."

"ऐकू येतंय त्याला!" आता संयोगिता उठली, ओटी तशीच धरून. "आत्ता नाचला न्हाई का हलगीवर? आख्ख्या गावानं बघितलं. का सगळी आंधळी हायत?"

"मग पुन्हा बघू," शिवांजली म्हणाली. "आत्ताच बघू, सगळ्यांसमोर. फक्त स्टेजवर नको. तिकडं वाळूच्या ढिगावर बसवू. हलगी मागं, लांब. आणि कुणी त्याच्या समोर जायचं नाही. तुमची तोंडं बघून त्याला सगळं कळतं. एकटा नको, त्याच्याबरोबर मयूरीलाही बसवू. म्हणजे हलगी तिथवर पोचते की नाही हेही कळेल."

मयूरी संयोगिताची धाकटी. राजवर्धनच्या बरोबरीचीच, जरा मोठी. जयराजनं भाच्याला छातीशी धरलं आणि बहिणीकडं बघितलं. त्याला वाटत होतं, घेऊन निघावं हिला आणि पोराला, तडक वाईला. पण बहिणीचं तोंड पाहून तो जागचा उठला नाही.

"अगं, पाव्हण्यांपुढं काय तमाशा!" राहीबाई म्हणाल्या.

"करू दे आई!" संयोगिताला आता जोर चढला होता. "घे माजी मयूरी. हुनच जाऊ दे. तोंडावर पडलीस की गप पाटावर बसायचं आन पदर पसरायचा. कबूल?"

"कबूल," शिवांजली म्हणाली. "आणि नाही पडले तर उद्या सांगली."

*

नाथाजी तात्या तोफखान्यातून सुभेदार होऊन परत आले ते डावा कान तोफांना देऊन. उजव्यानं निम्मंशिम्मं ऐकू यायचं. धैर्यशीलनं आणलेलं महागाचं मशीन कपाटात पायमोज्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते लावलं की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत. त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. चार माणसं हसली की ते हसायचे, माना हलल्या की मान हलवायचे, आणि कुणी काही विचारलंच तर "बघू की" म्हणायचे. गावात त्यांना फार समजूतदार माणूस मानत.

नवसावरून काय बोलणं झालं त्यातलं त्यांना थोडंच कळलं होतं. पण सून पाटावरून उठली ते दिसलं, बायकोचा लाल चेहरा दिसला, आणि आता सगळा मांडव घराच्या बांधकामातून उरलेल्या वाळूच्या ढिगाकडं निघालेला दिसला. तात्या काठी टेकत मागोमाग गेले.

दोन्ही पोरं पाठमोरी बसली होती. राजवर्धन खेळण्यातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुठीनं वाळू भरत होता, मयूरी त्याला मदत करत होती. अर्जुना मागं शेवग्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. शिवांजलीनं हात वर केला आणि खाली घेतला.

हलगी अशी कडाडली की तात्यांच्यासुद्धा उजव्या कानात ती शिरली. मयूरी दचकली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गर्रकन वळली.

राजवर्धन वाळू भरत होता.

अर्जुनानं पुन्हा वाजवली. लांबवर बांधलेल्या म्हशीनं मान वर केली. राजवर्धननं ट्रॉली गच्च भरली, वरून थापटली, ट्रॅक्टर पुढं ढकलला.

शिवांजलीनं खूण केली आणि अर्जुनानं हात थांबवला. तोवर मयूरी उठून "आईऽ" म्हणत पळत सुटली होती. आता राजवर्धनला कळलं, काहीतरी चाललंय. त्यानं वळून बघितलं. आधी पळणाऱ्या मयूरीकडं, मग मावशा, काकवा, आजी, सगळ्यांच्या तोंडांकडं, एकेक करून. शेवटी त्याची नजर अर्जुनाच्या हातातल्या हलगीवर गेली. पोराचा चेहरा उजळला. तो उठला, दोन्ही हात वर केले, ढुंगण मागं काढलं आणि नाचायला लागला.

"आरं नाचला की! नाचला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हलगी थांबलीया रं," तात्या म्हणाले.

ते मोठ्यानं म्हणाले. कमी ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा जातो ते कळत नाही, त्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. हलगी थांबली होती, नाच चालू होता. पोर सगळ्यांकडं बघून हसत होतं, सगळे आपल्यावर खूश होतील म्हणून.

शिवांजलीनं धावत जाऊन त्याला उचललं. ती जिंकली होती आणि तिला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. आपण चुकलो असतो तर फार बरं झालं असतं, एवढंच तिच्या मनात होतं. पोरानं तिच्या ओल्या गालावर वाळूचा हात फिरवला.

"आवं, लेकराचं ध्यान खेळण्यात हुतं," राहीबाई म्हणाल्या, पण त्या आवाजात दम नव्हता. "पोरं खेळाय लागली की..."

"ध्यान न्हाई, काई न्हाई," तात्या म्हणाले. "मी वळखतो की हे. मी ह्येच करतो. तुमी हासला की मी हासतो. तुमी मान हलवली की मी हलवतो. आदी तोंडं बघायची, मग आपुन करायचं. माजं चाललं, मी म्हातारा. हे पोरगं आजून बोबडंबी बोललं न्हाई, आन माज्यागत सोंग करायला शिकलंय."

"तुमी गप बसा."

"आजवर गपच हुतो. तू काय काय बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं न्हाई, म्हणून."

कुणीतरी फिस्सकन हसलं. संयोगिता ह्यात कुठंच नव्हती. ती मांडवात परत गेली होती. एकटीच स्टेजवर चढली, चप्पल काढली आणि खाली वाकून तळहात प्लायवूडवर टेकला.

"अर्जुना, हितं येऊन वाजीव रं. मगाच्यागत."

अर्जुना आला, स्टेजला खेटून उभा राहिला आणि वाजवली. संयोगिताचा हात फळीवरच होता. हलगी थांबल्यावरही तिनं तो लवकर उचलला नाही. मग पर्समधून मोबाइल काढला, मगाचा व्हिडिओ एकदा बघितला आणि पुसून टाकला.

"आई," ती खाली उतरून म्हणाली, "जावळ करून घ्या. नवस ऱ्हाऊ दे."

"तूबी?"

"व्हय, मीबी. शब्द माजा हुता. उद्या सांगली."

"गाडी मी काढतो!" तात्यांनी काठी आपटली.

"तुम्ही नको तात्या," जयराज म्हणाला, "तुम्हांला हॉर्न ऐकू येत नाही."

मांडव हसला. मांडव हसला म्हणून तात्याही हसले, आणि मग काय केलं ते लक्षात येऊन त्यांनी सुनेकडं बघितलं. शिवांजलीला त्या रडण्यातही हसू फुटलं.

धैर्यशील पुढं आला. त्यानं पोराला बायकोच्या हातून घेतलं, त्याच्या अंगावरची वाळू झटकली आणि मामाच्या मांडीवर बसवलं. "मी येतो उद्या," तो तिला म्हणाला. "मला भ्या वाटतंय. पण येतो."

*

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात निम्मं घर बाकावर बसलं होतं. राहीबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा त्या आधीच मागच्या सीटवर मांडी घालून बसलेल्या सापडल्या. संयोगिता वाटेत तासगावला उतरणार होती, पण तासगाव आलं तेव्हा ती उतरली नाही. तात्या कपाटातलं मशीन लावून आले होते. ते मध्येच शिट्टी घालायचं आणि तात्या आजूबाजूला बघून विचारायचे, हितं कुकर कुणी लावलाय?

झोपेचं औषध पाजून राजवर्धनला आत नेलं होतं. झोपेच्या औषधानं मेंदूला काही होईल म्हणून राहीबाईंनी वाटभर जप केला. गुळगुळीत डोक्यावर वायरी चिकटवल्या, कानात बारीक आवाज सोडले, आणि मेंदू त्यांना ओ देतो का ते यंत्रावर बघितलं. शिवांजली आत पडद्यावरच्या रेघांकडं बघत बसली होती. अर्थ डॉक्टरबाईंनी मागून सांगितला. पण रेघ उठायला हवी तिथं ती आडवीच जातीय, हे तिला न सांगता दिसत होतं.

"दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं," डॉक्टरबाई सगळ्यांना म्हणाल्या. "बहुतेक जन्मापासूनच. आधी मशीन लावून बघू. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू. पण कुठलंही केलं तरी रोज त्याच्यासमोर बसून बोलायला लागेल. खूप बोलायला लागेल."

"जन्मापासून?" शिवांजलीनं विचारलं. "म्हणजे मी ड्यूटीला जायच्या आधीपासून?"

"त्याचा ड्यूटीशी काय संबंध?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

शिवांजली बाहेर आली आणि भिंतीला टेकून रडली. पोरासाठी रडली, आणि गेली दोन वर्षं स्वतःला जे खात बसली होती त्यासाठीही रडली. धैर्यशील शेजारी उभा होता. त्यानं तिचा हात धरून ठेवला.

राहीबाई बाकावर बसून मनाशी काहीतरी जुळवत होत्या. मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले.

"जन्मापासनं म्हंजी... पोटात असतानाच! शिवांजली, तवा गिराण लागलं हुतं न्हवं? गिराणात तू काय चिरलंस, मोडलंस का गं?"

शिवांजलीनं डोळे पुसले. ती तोंड उघडणार, तोच संयोगिता उठली.

"मोडली की! गवार मोडली. मी आन हिनं, एका चुलीशी बसून. मीबी पोटुशी हुते, मयूरी हुती पोटात. मयूरीला काय झालं? काल कानावर हात कुणी ठेवलं? आन आई, गवार मोडायला दिली कुणी? तूच दिलीस!"

राहीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बघता बघता त्या थकल्यासारख्या दिसायला लागल्या. "मी दिली व्हय," त्या पुटपुटल्या. "म्हंजी माज्यामुळं..."

"बास ताई," शिवांजली म्हणाली. "आता हे त्यांच्या डोक्यावर नको. माझ्या डोक्यावरचं उतरवलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवायला नाही." ती राहीबाईंच्या शेजारी बसली. "आत्या, गवारीनं काही झालेलं नाही. मयूरीनं ते दाखवलंय. तुम्ही तेव्हा कोयनेला आला नाहीत, त्यानंही झालेलं नाही."

राहीबाईंनी चमकून सुनेकडं बघितलं. ते न जाणं आपल्याला सलतंय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तवा तू बोलीवलं हुतंस. मी आले न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही आलात. आला असता तरी त्याला ऐकू आलं नसतं. पण आता आलात तर उपयोग आहे. परवापासून माझी ड्यूटी. मी नोकरी सोडणार नाही, ते विचारूच नका. मनुबाई त्याला खाऊपिऊ घालेल, पण मशीन कानात टिकवायला आणि सकाळपासून त्याच्याशी बोलत बसायला घरचं माणूस लागणार. तुमच्याइतकं बोलणारं माणूस माझ्या ओळखीत दुसरं नाही."

संयोगितानं हसू दाबलं. आतून राजवर्धनला आणलं. औषधाच्या गुंगीत तो बापाच्या खांद्यावर लोळत होता आणि कपाळाला वायरींचा चिकट लेप राहिला होता. राहीबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, पदराचं टोक ओलं केलं आणि लेप पुसायला लागल्या.

"आन म्हशी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"म्हशी तात्या बघतील."

"बघू की," तात्या म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांना खरोखरच ऐकू आलं होतं.

राहीबाईंनी पोराचं कपाळ दुसऱ्यांदा पुसलं. एक अडचण अजून उरली होती आणि ती बोलायची त्यांना लाज वाटत होती.

"तिथं जमीन हलती म्हणं, शिवांजली."

"हलते," शिवांजली म्हणाली. "पण पंखा हलायच्या आधी तुमचा नातू तुम्हांला सांगेल."